अमेरिकेची यादवी आणि धाकट्या सुनेची मशीन

वर्षावासाचा ग्रंथ त्या वर्षी अश्विन पौर्णिमेच्या बराच आधी संपला. दोष ग्रंथाचा नव्हता. आमच्या गावच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी वंदना झाल्यावर धम्मग्रंथाचे वाचन होते. अनेक वर्षे हे काम एक निवृत्त शिक्षक करीत असत. ते एक परिच्छेद वाचत आणि त्यावर पुष्कळ वेळ बोलत. त्यामुळे ग्रंथ आणि पावसाळा साधारण एकाच सुमारास संपत. ते मुलाकडे अमरावतीला राहायला गेले आणि वाचन एका निवृत्त बस कंडक्टरांकडे आले. त्यांचा आवाज उत्तम होता, उच्चार स्वच्छ होते, आणि त्यांची बहुतेक नोकरी जलद गाडीवर झालेली होती. भाद्रपद अजून सरायचा होता तेव्हा त्यांनी शेवटचे पान वाचले, ग्रंथ मिटून कपाळाला लावला आणि गाडी वेळेआधी पोचवल्याच्या समाधानाने सर्वांकडे पाहिले.

अडचण अशी होती, की पौर्णिमेपूर्वी बैठक मोडण्याची आमच्याकडे रीत नाही.

“पुन्हा पहिल्यापासून धरतो,” कंडक्टर म्हणाले.

“तुमी धरान भाऊ, पन पुन्हा पंधरा दिवसात सोडान,” महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणाल्या. “त्यापक्षा सर काईतरी सांगतीन.”

सर म्हणजे मी. मी कधीही कोणाला काही शिकवलेले नाही. वाशीमच्या न्यायालयात मी लघुलेखक होतो. साक्षीदार बोलत, वकील बोलत, न्यायाधीश बोलत, आणि मी उतरवून घेत असे. त्या नोकरीत बोलण्याची गरज पडत नाही आणि हळूहळू सवयही राहत नाही. निवृत्त होऊन गावी परतल्यावर मी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून इतिहासात एम.ए. केले. परीक्षेला माझ्या बाकावर बसलेल्या मुलाने मला पर्यवेक्षक समजून उठून जागा दिली होती. गावात ज्याच्या हातात पुस्तक असते आणि जो उत्तर देण्यापूर्वी थोडा थांबतो त्याला सर म्हणतात, एवढाच त्या संबोधनाचा आधार.

मला एकच विषय बऱ्यापैकी येत होता, तो म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्ध. मी नम्रपणे सांगितले, की विषय फार दूरचा आहे.

“दूरचाच सांगा,” अध्यक्ष म्हणाल्या. “जवळचं आमाले ठाऊक हाये.”

पहिल्या संध्याकाळी मी गुलामगिरीपासून सुरुवात केली. माणूस जन्मतःच दुसऱ्याच्या मालकीचा असू शकतो, त्याच्या श्रमावर, लेकरांवर आणि नावावरही त्याचा हक्क नसतो, ही कल्पना समजावून देण्यासाठी मी काही उदाहरणे तयार केली होती. ती लागली नाहीत. समोरच्या म्हाताऱ्या माणसांनी नुसत्या माना हलवल्या आणि मी पुढच्या मुद्द्यावर जावे म्हणून ती वाट पाहत राहिली. पुढचा मुद्दा फुटून निघण्याचा होता. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही असे म्हणणारा राष्ट्राध्यक्ष निवडून आला, तेव्हा दक्षिणेतील राज्ये एकामागून एक देशातून बाहेर पडली आणि त्यांनी आपले वेगळे सरकार थाटले, असे मी सांगितले.

“वेगळी निंगाली म्हना,” अध्यक्ष म्हणाल्या.

“हो. तसेच.”

“मंग काय झालं? त्यायचं चाललं काय?”

“चार वर्षे चालले. शेवटी ती हरली.”

“हारली,” अध्यक्षांनी मागे न वळता मागच्या रांगेला सांगितले. “आयकलं ना?”

मागच्या रांगेत त्यांची धाकटी सून बसली होती.

येथे थोडा खुलासा करणे भाग आहे. विहारात बसलेल्या प्रत्येकाला जे माहीत होते ते मला, मी घरात बसून वाचणारा असल्याने, सर्वांत शेवटी कळले होते. अध्यक्षांच्या धाकट्या सुनेला वेगळे निघायचे होते. भांडण कसले नव्हते. ती रिठदची, तिने शिवणकाम आमच्या बसस्टँडवरच्या टेलरचाचांकडे शिकले होते. चाचांच्या डोळ्यांना आता सुईचे नाक दिसत नव्हते. त्यांनी तिला सांगितले होते, की दुकान तू चालव, मागच्या दोन खोल्यांत राहा, मी बाहेर बाकावर बसून चहा पीत जाईन. घरी राहून तिचे शिवणे होत नव्हते असे नाही. पण पहाटेचा स्वयंपाक, मग शेत, मग संध्याकाळचा स्वयंपाक, आणि त्यातून उरेल तेवढी मशीन, असा तो हिशेब होता. ती मशीन महिला मंडळातून सासूबाईंच्या नावावर आलेली होती. चालवत होती सून. सासूबाईंचे म्हणणे असे, की जायचे तर जा, मशीन घरची आहे.

हे सर्व मला ठाऊक असते, तर दुसऱ्या संध्याकाळी मी किल्ल्याची गोष्ट जरा जपून सांगितली असती.

दक्षिणेतील एका बंदराच्या तोंडाशी, पाण्यात, एक किल्ला होता. बंदर फुटून निघालेल्या राज्याचे. किल्ल्यात शिपाई मात्र जुन्या सरकारचे. राज्य म्हणे, आमच्या हद्दीतला किल्ला आमचा. सरकार म्हणे, आम्ही बांधला, आमचा.

“बांधला कोन?” सासूबाईंनी विचारले.

“सरकारने.”

“मंग सरकारचा. ज्याच्या नावावर त्याचा.”

“पन आत्याबाई, आत राहून कोन राह्यलं होतं?” मागून सुनेचा आवाज आला.

“किल्ला काई ब्लाउज शिवत नाई वं,” सासूबाई म्हणाल्या.

बाया हसल्या. मी कागद सारखे केले. पुढे असे झाले, की किल्ल्यातले धान्य संपत आले. राष्ट्राध्यक्षाने कळवले, की मी फक्त खाण्याचे सामान पाठवतो आहे, शस्त्रे नाहीत. ते पोचण्याआधीच दक्षिणेने तोफा डागल्या आणि किल्ला खाली होईपर्यंत मारा चालू ठेवला.

“मेले किती?” कंडक्टरांनी विचारले.

“माऱ्यात कोणी मेले नाही.”

“कोनीच नाई?” त्यांची निराशा लपली नाही.

“किल्ला सोडताना शिपायांनी झेंड्याला तोफांची सलामी दिली. ती देताना एक शिपाई मेला.”

“म्हंजे लढाईत वाचला आन सलामीनं मेला.”

“हो.”

हे उत्तर सर्वांना पटले. त्या दिवसापासून सासूबाईंनी आपण उत्तरेच्या बाजूने आहोत असे जाहीर केले, आणि मी काहीही सांगितले तरी त्या आधी विचारत, “हे आपल्यावाले का त्यायच्यावाले?”

पहिल्या मोठ्या लढाईच्या दिवशी राजधानीतील सुखवस्तू लोक गाड्या जुंपून, टोपल्यांत खाण्याचे पदार्थ घेऊन लढाई पाहायला गेले होते. उत्तरेचा पराभव झाला आणि पळणारे सैनिक व पळणारे प्रेक्षक एकाच रस्त्यात अडकले. ही गोष्ट फार आवडली. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट पाहून आल्यासारखी ती दोन दिवस गावात फिरली, आणि माझ्यापर्यंत परत आली तेव्हा टोपल्यांत पुरणपोळ्या होत्या.

माझी खरी अडचण सीमेवरील राज्यांनी केली. चार राज्ये अशी होती, की त्यांच्याकडे गुलाम होते, पण ती फुटून निघाली नाहीत. ती कोणत्या बाजूची हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हते. राष्ट्राध्यक्षाला ती हातची जाऊ द्यायची नव्हती, म्हणून तो बराच काळ गुलामगिरीबद्दल फार जपून बोलत राहिला. एवढे मी सांगितले आणि माझ्या लक्षात आले, की बायांच्या रांगेतील सगळी डोकी दाराकडे वळली आहेत. दारात चपलांजवळ धाकटा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, बसला होता. तो रिसोडला बी-बियाण्यांच्या दुकानात काम करीत असे. आईसमोर तो आईच्या म्हणण्याला हो म्हणत असे आणि बायकोसमोर बायकोच्या. त्यात खोटेपणा नव्हता. त्याला दोन्ही खरोखर पटत असे.

“हा पाहा आपला सीमेवरला,” एक बाई म्हणाली.

त्याने आपली एक चप्पल दुसरीच्या शेजारी नीट लावली.

मध्ये एक संध्याकाळ कापसाची झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि तेथल्या गिरण्यांची नजर आमच्या वऱ्हाडाकडे वळली. इकडचा कापूस भाव खाऊ लागला. त्याच्यासाठी रस्ते झाले, रेल्वेचे काम नेटाने पुढे गेले. युद्ध संपल्यावर तिकडचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि इकडचा भाव कोसळला. हे सांगताना मला, आपण प्रथमच श्रोत्यांच्या घरापर्यंत पोचलो, असे वाटले. सासूबाईंनी थोडा विचार केला.

“म्हंजे त्यायच्या गुलामायनं पिकवला तोवर आपल्याले कोनी इचारलं नाई.”

“तसे म्हणता येईल.”

“आन ते सुटले तं आपन पडलो.”

“युद्ध संपले म्हणून भाव पडला,” मी दुरुस्ती केली.

“तेच म्हनून राह्यली मी,” त्या म्हणाल्या. त्यामुळे पुढे आमच्याकडे सोयाबीन आले ते बरेच झाले, असा निष्कर्ष निघून बैठक संपली.

त्याच आठवड्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली. बाया दिवसभर वाकून थकलेल्या येत, हाताला शेंगांचे ओरखडे असत, आणि काहीजणी वंदनेनंतर भिंतीला टेकून डुलक्या घेत. मी त्यांच्यासाठी आवाज लहान ठेवत असे. अशाच एका संध्याकाळी मी उत्तरेच्या ताब्यातल्या एका समुद्रकाठच्या किल्ल्याची हकीकत सांगितली. युद्धाच्या सुरुवातीलाच तीन गुलाम होडीत बसून तेथे आले. मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला. किल्ल्याचा अधिकारी पेशाने वकील होता. तो म्हणाला, की पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा आमच्या देशाचा. तुम्ही तर म्हणता आम्ही वेगळा देश. शिवाय तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ही माणसे म्हणजे मालमत्ता, आणि ती आमच्याविरुद्ध वापरली जात होती. शत्रूची मालमत्ता जप्त करता येते. म्हणून मी ती जप्त केली. मी इतकी वर्षे युक्तिवाद उतरवून घेतले, पण इतका नीटनेटका एकही माझ्या कानावरून गेलेला नाही. मी तो दोनदा सांगितला.

सुनेला युक्तिवादात रस नव्हता.

“सर, त्या तिघायले कोनी बलावलं होतं?”

“नाही.”

“त्यायच्या त्यायनं निंगून आले?”

“हो. आणि ते कळल्यावर त्यांच्यामागून शेकडो आले. बायका, लेकरे, डोक्यावर बोचकी.”

“सरकारनं मोकळं केलं म्हनाच्या आधी?”

“त्याच्या दीड वर्षाहून अधिक आधी.”

“बरं,” ती म्हणाली. एवढेच. पण सासूबाई प्रथमच मागे वळल्या.

“सर, हे मले समजून सांगा. वेगळी निंगाली ती राज्यं. मंग ही मानसं बी वेगळीच निंगाली ना? मंग वाईट कोन?”

मी म्हणालो, की राज्ये निघाली ती माणसे धरून ठेवण्यासाठी; माणसे निघाली ती सुटण्यासाठी; क्रियापद एकच असले तरी कृती निराळी. न्यायालयात हे वाक्य चालले असते. विहारात कंडक्टरांनी बैठक आटोपण्याचे सरणत्तय म्हणायला सुरुवात केली.

जाहीरनाम्याची संध्याकाळ मी फार तयारी करून घेतली होती, कारण त्यात माझ्या विषयाचा गाभा होता. राष्ट्राध्यक्षाने जाहीर केले, की फुटून निघालेल्या राज्यांतील सर्व गुलाम आजपासून मुक्त. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी संकोचून म्हणालो, की पुढे आणखी थोडे आहे. जी चार राज्ये सीमेवर होती, देशातच राहिली होती, त्यांच्या गुलामांना हा जाहीरनामा लागू नव्हता.

टाळ्या थांबल्या.

“म्हंजे दुसऱ्याच्या घरातले सोडले,” सासूबाई म्हणाल्या, “आन सोताच्या घरातले तसेच?”

“त्या वेळी तसे करणे त्याला भाग होते.”

“असं कसं वं बाई! मी आपली त्याच्या बाजूनं बोलून राह्यली एवढे दिवस.” त्या स्वतःशीच हसू लागल्या आणि मग एकाएकी थांबल्या. मागची रांग हसली नव्हती. सून मांडीवरच्या पदराचा धागा ओढत होती.

“सीमेवरल्याले सांभाळावं लागते ना,” कंडक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. दारात कोणीतरी खोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा मुलगा माझ्या घरी आला. तो यापूर्वी माझ्याकडे कधी आला नव्हता. मी खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही.

“सर, एक इचारू? त्या सीमेवरल्या राज्यायचं पुढं काय झालं?”

मी सांगितले, की दोन राज्यांनी युद्ध चालू असतानाच, आपण होऊन, कायदा करून गुलामगिरी बंद केली.

“आन बाकीच्या दोघायनं?”

“त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. सगळ्या देशासाठी घटना बदलली तेव्हा त्यांनाही सोडावी लागली.”

“म्हंजे केलं तं सगळ्यायनच.”

“हो. पण दोघांनी स्वतः केले. दोघांकडून करवून घेतले.”

त्याने अंगणाकडे पाहिले. “मंग पहिलीच दोन बरी,” तो म्हणाला आणि सायकल काढून रिसोडच्या रस्त्याला लागला. मला वाटले, त्याला इतिहासाची गोडी लागली.

त्या दिवशी दुपारी, बाया सोंगणीला गेलेल्या असताना, त्याने दुकानाच्या मालकाची पिकअप आणून मशीन तीत चढवली आणि स्टँडवर नेली. सून पुढे बसली होती. मशीनचे लाकडी झाकण तिने मांडीवर धरले होते, कारण मागे ठेवले तर उडाले असते. हे मी पाहिले नाही. पण संध्याकाळपर्यंत मला ते निरनिराळ्या लोकांनी सांगितले आणि झाकणाबाबत सर्वांचे एकमत होते.

विहारात त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त माणसे आली. सासूबाई आपल्या जागेवर येऊन बसल्या. मागची जागा कोणी घेतली नाही. वंदना झाली. मी कागद काढले आणि अडलो, कारण त्या दिवशीच्या कागदांवर उत्तरेच्या सैन्याची दक्षिणेतील मोठी मोहीम होती, आणि तीत जाळपोळीशिवाय फारसे काही नव्हते. मी सुचवले, की आज मधला भाग सोडून पुढे जाऊ.

“काहून?” सासूबाई म्हणाल्या. “काई झालं नाई. सांगा.”

“त्यात गावे जाळलेली आहेत.”

“जाळा.”

मी जाळली. उत्तरेच्या एका सेनापतीने आपली रसद स्वतःच तोडली आणि साठ हजार माणसे घेऊन दक्षिणेच्या पोटातून समुद्रापर्यंत चालत गेला. वाटेतील धान्य खाल्ले, उरले ते जाळले, गिरण्या मोडल्या. मागून हजारो गुलाम चालत राहिले. सैनिकांनी रेल्वेचे रूळ उखडले, स्लीपरांच्या होळीवर तापवले आणि झाडांच्या बुंध्यांभोवती वाकवून ठेवले.

“रूळ वाकवले कायले? उखडले होते ना?”

“नुसते उखडले तर पुन्हा जोडता येतात. वाकवले की येत नाहीत.”

मी पुढचे वाक्य शोधत होतो तेव्हा सासूबाई हळूच, कोणालाही उद्देशून नव्हे अशा सुरात, म्हणाल्या, “असं करू नाई. जोडाले काई तरी ठेवा लागते.”

मग त्यांनी विचारले, की युद्ध कधी संपते. मी म्हणालो, उद्या.

दुसऱ्या दिवशी मी शरणागती सांगितली. दक्षिणेच्या मुख्य सेनापतीचे सैन्य वेढले गेले होते, उपाशी होते. एका खेड्यातील घराच्या बैठकीत दोन्ही सेनापती भेटले. हरलेला उंची गणवेशात आला होता. जिंकलेल्याच्या बुटांना चिखल होता. ते आधी थोडा वेळ जुन्या नोकरीबद्दल बोलले, कारण दोघे पूर्वी एकाच सैन्यात होते. मग अटी लिहिल्या. हत्यारे ठेवा आणि घरी जा. कोणाला त्रास दिला जाणार नाही. हरलेला म्हणाला, की माझ्या सैनिकांचे घोडे त्यांचे स्वतःचे आहेत. जिंकलेला म्हणाला, की बहुतेक शेतकरी असतील, पेरणीला लागतील, नेऊ द्या.

“घोडे नेऊ देले?” सासूबाई म्हणाल्या. “जिंकल्यावर?”

“हो. आणि जेवण पाठवले.”

“हारलेल्यायले?”

“ते उपाशी होते.”

“त्यायचे जिंकलेले शिपाई वरडले असतीन.”

“तोफा उडवून आनंद करू लागले होते. सेनापतीने बंद करायला लावले. म्हणाला, ते आता पुन्हा आपलेच लोक आहेत.”

सासूबाई उठल्या. गुडघ्यामुळे त्यांना उठायला वेळ लागतो.

“सर, तुमी उद्या स्टँडवर जा. तिले सांगा, मशीन राहू दे तिच्यापाशी. पन मले न सांगता नेली, हे मी इसरनार नाई. आन पौर्णिमेच्या खिरीले दोघंबी पाह्यजेत.”

मी म्हणालो, की हे काम घरातल्या कोणी केले तर अधिक बरे दिसेल.

“काहून? तुमचंच युद्ध हाये,” त्या म्हणाल्या.

अशा रीतीने, आयुष्यात कोणाच्या वतीने एक शब्द न बोललेला मी, दुसऱ्या दिवशी सकाळी तह घेऊन बसस्टँडवर गेलो. टेलरचाचा बाकावर बसून चहा पीत होते. “आइए वकीलसाहब,” ते म्हणाले. गावात माझी आणखी एक पदवी तयार झाली होती. सून आत मशीनला तेल घालत होती. मी आलो त्याचे कारण तिने विचारले नाही. मी अटी सांगितल्या.

“आन चूल?” ती म्हणाली.

“चुलीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.”

“मंग चूल आमची इथंच राह्यली.” तिने तेलाची बाटली खाली ठेवली. “खिरीले येतो म्हना. दूध मी आनीन.”

पौर्णिमेला दोघे आले. सासूबाईंनी सुनेला पातेल्याजवळ बसवले आणि खीर लागू नये म्हणून ढवळत राहा असे सांगितले. खीरदानानंतर मी समारोपाला उभा राहिलो. राष्ट्राध्यक्षाचे पुढे काय झाले एवढे सांगायचे राहिले होते. शरणागतीला आठवडा होत नाही तोच नाटक पाहताना त्याला गोळी घातली गेली. मी “त्यानंतर राष्ट्राध्यक्ष एका संध्याकाळी नाटकाला गेला” इथवर आलो होतो.

“बरं केलं,” सासूबाई म्हणाल्या. “चार वर्सं कुठं जाता आलं नसन त्याले.”

मी दम घेतला. कंडक्टर माझ्या कानाशी वाकले. ते आदल्या दिवशी माझे कागद चाळून गेले होते. “सर, आज खीर हाये,” ते म्हणाले. “आज कोनाले मारू नका.” मी खाली बसलो. त्यामुळे आमच्या विहाराच्या समजुतीप्रमाणे तो राष्ट्राध्यक्ष अजून नाटकच पाहत आहे.

दिवाळीनंतर मी सदऱ्याची कॉलर उलटवून घ्यायला स्टँडवर गेलो. दुकानाच्या दाराशी एक स्टूल होते आणि त्यावर सासूबाई बसून ब्लाउजांना हूक लावत होत्या. चाचांनी डोळ्यांनीच मला सांगितले, की रोज. घरी दुपारी करमत नाही म्हणून त्या जेवण झाले की येतात, हूक लावतात, तुरपाई करतात, आणि कोणाचे कापड आधी घ्यायचे हे ठरवतात. संध्याकाळी दिवेलागणीला घरी जातात.

सुनेने माझा सदरा घेतला, कॉलर पाहिली आणि आवाज खाली आणला.

“सर, एक सांगा. दक्षिण हारली, तह झाला. मंग उत्तरेचं सैन्य वापस गेलं ना?”

“लगेच नाही. ते दक्षिणेतच राहिले.”

“किती दिवस?”

“काही भागांत बारा वर्षे.”

तिचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. तिने दाराकडे पाहिले.

“काय बारा वर्सं?” सासूबाईंनी हूक लावता लावता विचारले.

“काई नाई आत्याबाई, जुनं.” मग पुन्हा माझ्याकडे वळून, “आन ते सैन्य गेल्यावर त्या सुटलेल्या लोकायचं चांगलं झालं काय?”

तिला काय ऐकायला आवडेल हे मला दिसत होते. पण मी वाचले होते ते निराळे होते.

“नाही,” मी म्हणालो. “वाईट झाले. सैन्य होते तोवर त्यांना मत देता येत होते, काहीजण निवडूनही आले. सैन्य गेले आणि जुन्या मालकांनी ते सगळे हळूहळू काढून घेतले. जमिनी तर मिळाल्याच नव्हत्या. पुन्हा त्यांच्याच शेतांवर राबावे लागले, बटाईने.”

तेवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली. गावातले एक वजनदार गृहस्थ, ज्यांना थांबण्याची सवय नाही, आत डोकावून म्हणाले, की मुलीच्या साखरपुड्याचे कपडे आहेत, बाकी सगळे बाजूला ठेव, आज संध्याकाळी पाहिजेत. अशा माणसाला नाही म्हणण्याची सुनेकडे अजून सोय नव्हती.

“कोन वं?” सासूबाई स्टुलावरूनच म्हणाल्या. सुई ब्लाउजात तशीच ठेवून त्यांनी वर पाहिले. “या भाऊ. बसा. तुमच्या आधी सात जनी हायेत. त्यातल्या दोघी तुमच्याच वावरात सोंगणीले होत्या. त्यायचं झालं का मंग तुमचं.”

गृहस्थ म्हणाले, की मी तुमच्या सुनेशी बोलतो आहे.

“तिच्या हाताले काम हाये. माझ्याशी बोला.”

ते थोडा वेळ उभे राहिले, मग पिशवी स्टुलाजवळ ठेवून निघून गेले. सासूबाईंनी ती पायाने ढिगाच्या शेवटी सरकवली आणि पुन्हा हूक लावू लागल्या.

सुनेने माझी कॉलर उसवायला घेतली.

“मंग बसू द्या त्यायले,” ती स्टुलाकडे पाहून म्हणाली.